डफी प्रथिनाचा लायसेट: बँड जेलच्या तोंडाशीच अडकतो, काय चुकतंय?

लाल_पेशी

नमस्कार मंडळी. व्हायवॅक्स मलेरियाच्या कामासाठी लाल पेशींवरच्या डफी प्रथिनाविरुद्धच्या तीन अँटिबॉडी वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर प्रथिनं वेगळी करून त्यातलं एक अँटिबॉडीने शोधायचं) पारखून घ्यायच्या आहेत. (डफी म्हणजे आताचं एसीकेआर१, जुन्या लेखांत डार्क.) पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून एचईके २९३टी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशींत हे प्रथिन मुद्दाम भरपूर बनवून त्यांचा लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, वापरतेय.

मांडणी अशी: १० सेंटिमीटरची डिश, सीएमव्ही प्रमोटरचा प्लास्मिड, प्रथिनाच्या शेपटाकडे फ्लॅग टॅग (ओळखीची छोटी खूण), ट्रान्सफेक्शन पीईआयने (डीएनए पेशीत नेणारं रसायन), ४८ तासांनी रिपा या डिटर्जंटच्या बफरमध्ये लायसिस. लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम, सॅम्पल बफर घालून ९५ अंशांवर ५ मिनिटं, १२ टक्क्यांचं जेल.

फ्लॅगच्या अँटिबॉडीने वेलच्या तळाशी आणि १०० किलोडाल्टनच्या वर काळा ओघळ दिसतो. जिथे बँड हवा, म्हणजे ३५ ते ४५ किलोडाल्टनच्या टापूत, तिथे जेमतेम सावली आहे. डफीच्या तीनही अँटिबॉडींनी काहीच नाही. ट्रान्सफेक्शन नीट झालंय, कारण जीएफपीच्या (हिरवं चमकणारं प्रथिन) शेजारच्या वेलमध्ये अंदाजे ८० टक्के पेशी हिरव्या दिसतात. रिकाम्या व्हेक्टरचा (डफीचं जनुक नसलेल्या प्लास्मिडचा) लायसेट या वेळी लावलेला नाही.

प्रथिन बनतंय पण विरघळत नाही, की जेलमध्येच शिरत नाही?

---

अंत्रूज

जेलमध्ये शिरत नाही. आणि कारण तुम्हीच लिहिलंय: ९५ अंश, ५ मिनिटं.

डफी पेशीच्या पडद्यातून ७ वेळा आरपार जाणारं प्रथिन आहे. पाण्याशी फटकून वागणारे हे ७ पट्टे पडद्यात सुखाने असतात. डिटर्जंटमध्ये काढल्यावर त्यांच्याभोवती डिटर्जंटचं कवच बसतं. उकळलं की प्रथिनाची घडी झटक्यात उलगडते, एसडीएसला (सॅम्पल बफरमधलं प्रथिन उलगडणारं डिटर्जंट) सगळीकडे पोचायला वेळ मिळत नाही, आणि एका रेणूचे पट्टे दुसऱ्या रेणूच्या पट्ट्यांना चिकटतात. असे गठ्ठे एकदा बांधले गेले की नंतर कितीही एसडीएस घाला, सुटत नाहीत. ते वेलच्या तोंडाशी बसतात. ओव्हरएक्स्प्रेशनमध्ये रेणूंची गर्दी जास्त, म्हणून गठ्ठेही जास्त. कमी प्रथिनाच्या नमुन्यात हीच चूक झाली तरी पटकन लक्षात येत नाही.

अ‍ॅक्टिन, जीएपीडीएच यांच्यासाठी उकळणं योग्यच आहे. प्रयोगशाळेत एकच पद्धत सगळ्यांना लावतात, तिथे घोटाळा होतो.

त्याच लायसेटचे ४ भाग करा. एक बफर घालून खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं, दुसरा ३७ अंशांवर ३० मिनिटं, तिसरा ५० अंशांवर १० मिनिटं, चौथा ९५ वर ५ मिनिटं. चारही शेजारी शेजारी चालवा. बफरमध्ये एसडीएस अंतिम २ टक्के आणि डीटीटी (गंधकाचे बंध सोडवणारं रसायन) ५० मिलिमोलर ताजं असू द्या. जुनं डीटीटी कुचकामी असतं, पावसाळ्यात तर पुडीतल्या डीटीटीचासुद्धा भरवसा नाही, ओल धरतं.

चौथी लेन मुद्दाम ठेवा. पुढे कुणी "उकळलं का नाही" विचारलं तर त्याच जेलमध्ये उत्तर असतं.

---

म्हादई_काठ

अंत्रूजबाबांशी सहमत, पण लायसिसकडेही बघायला हवं. रिपा म्हणजे ट्रिस ५० मिलिमोलर, मीठ १५० मिलिमोलर, एनपी-४० १ टक्का, सोडियम डिऑक्सिकोलेट अर्धा टक्का, एसडीएस ०.१ टक्का. निव्वळ वेस्टर्नसाठी तो चालतो. पण याच लायसेटवर पुढे इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीने प्रथिन ओढून वेगळं काढणं) करायचं असेल, किंवा घडी शाबूत असलेलं प्रथिन हवं असेल, तर डीडीएम घ्या, म्हणजे डोडेसिल माल्टोसाइड: १ टक्का डीडीएम, ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ७.४, मीठ १५० मिलिमोलर, ग्लिसेरॉल १० टक्के. १० टक्क्यांचं डीडीएम पाण्यात बनवून छोट्या कुप्यांत गोठवून ठेवता येतं.

ट्रान्सफेक्शनचे आकडे लिहिते, म्हणजे ताडून पाहता येतील. आदल्या दिवशी डिशमध्ये ३० ते ४० लाख पेशी. ट्रान्सफेक्शनच्या वेळी डिश ७० ते ८० टक्के भरलेली असावी. प्लास्मिड १० मायक्रोग्रॅम, पीईआय ३० मायक्रोग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या ५०० मायक्रोलिटर सीरमविरहित माध्यमात पातळ करून मग एकत्र, १५ ते २० मिनिटं खोलीच्या तापमानाला. २० मिनिटांच्या पुढे ताटकळत ठेवू नका, कण मोठे होतात आणि पेशींना ते मानवत नाहीत. थेंब थेंब सोडा. ६ तासांनी माध्यम बदला.

४८ तासांवर थांबा. ७२ तासांपर्यंत नेलं तर एकूण प्रथिन वाढलेलं दिसतं, पण त्यातलं बरंचसं एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये अडकलेलं, साखरेची साखळी पुरती न बसलेलं असतं.

गोळा करताना एचईके पेशी गार पीबीएसने आपोआप सुटतात. म्हणून धुतलेलं पाणी डोळे मिटून ओतू नका. निम्म्या पेशी त्यात निघून जातात. सरळ १० मिलिलिटर गार पीबीएसने सगळ्या पेशी झोडून काढा, ५०० जी वर ५ मिनिटं, ४ अंश, आणि पेलेटवर ५०० मायक्रोलिटर बफर. ४ अंशांवर ३० ते ६० मिनिटं फिरवत ठेवा, मग १४,००० जी वर १५ मिनिटं.

लायसेट शेंबडासारखा तार धरत असेल तर तो डीएनए आहे. बेंझोनेज (डीएनए कापणारं एन्झाइम) मिलिलिटरला २५ ते ५० युनिट आणि मॅग्नेशियम १ ते २ मिलिमोलर. पण प्रोटिएज इनहिबिटरच्या गोळीत ईडीटीए असेल तर बेंझोनेज चालणारच नाही, कारण ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं. ईडीटीए नसलेली गोळी मागवा. पीएमएसएफ वापरत असाल तर ते लायसिसच्या अगदी आधी घाला. पाण्यात पडल्यावर पीएच ८ आणि २५ अंशांना त्याचं अर्धआयुष्य अंदाजे ३५ मिनिटं आहे. सकाळी घालून ठेवलेला बफर दुपारी बिनकामाचा.

आणि एक कळकळीची विनंती: पेलेट फेकू नका. त्यातही सॅम्पल बफर घालून एक लेन चालवा. प्रथिन विरघळलं की नाही याचा पुरावा देणारं दुसरं काही नाही.

---

पाटो_पूल

बाहेरचा प्रश्न विचारतो, राग नसावा. डफी लाल पेशींवर आहेच ना? मग रक्तदात्याचं रक्त घेऊन थेट जेलवर चालवायचं. एवढी यातायात कशाला?

---

बांबोळी_पठार

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर हिशोबात आहे.

एका लाल पेशीवर डफीचे अंदाजे ६,००० ते १३,००० रेणू असतात. ग्लायकोफोरिन ए आणि बँड ३ हे दहा लाखांच्या घरात असतात, त्यांच्यापुढे डफी म्हणजे चिमूटभर. १०,००० रेणू धरा, प्रत्येकी ३६ किलोडाल्टन. वजन झालं ०.६ फेम्टोग्रॅम. त्याच पेशीत हिमोग्लोबिन अंदाजे ३० पिकोग्रॅम. म्हणजे अख्ख्या पेशींचा लायसेट २० मायक्रोग्रॅम लावला तर त्यात डफी ०.४ नॅनोग्रॅम, बाकी जवळजवळ सगळं हिमोग्लोबिन. जेलच्या खालच्या भागात तो पूर येतो, लेन वाकड्या होतात. शिवाय हीममध्ये पेरॉक्सिडेजसारखा गुण आहे, त्यामुळे एचआरपीच्या (अँटिबॉडीला जोडलेलं, बँड उजळवणारं एन्झाइम) सब्स्ट्रेटबरोबर नसलेला बँडही उजळू शकतो.

हिमोग्लोबिन काढून घोस्ट, म्हणजे पेशींचे नुसते पडदे, केले तर चित्र बदलतं. एका घोस्टमधलं प्रथिन अंदाजे ०.६ पिकोग्रॅम. मग २० मायक्रोग्रॅममध्ये डफी २० नॅनोग्रॅम, म्हणजे ५० पट जास्त. चांगल्या अँटिबॉडीला एवढं पुरतं.

तेव्हा रक्त नको असं नाही. नैसर्गिक प्रथिनाची लेन हवीच, पण ती घोस्टची. ईडीटीए नळीतलं ताजं रक्त, वरचा पांढऱ्या पेशींचा थर काळजीपूर्वक ओढून टाका, पीबीएसने ३ वेळा धुवा. १ मिलिलिटर पेशींना ४० मिलिलिटर बर्फगार ५ मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ८. २०,००० जी वर २० मिनिटं. घोस्टचा थर सैल असतो, पंपाने ओढताना भसकन जातो. नळी तिरकी केली की घोस्ट सरकतात आणि त्यांच्याखाली एक घट्ट चिकट ठिपका दिसतो. तो ठिपका आधी काढा: त्यात पांढऱ्या पेशींचे अवशेष आणि त्यांचे प्रोटिएज असतात, आणि तेच पुढे तुमचं प्रथिन कुरतडतात. घोस्ट फिकट गुलाबी ते पांढरे होईपर्यंत ३ ते ४ वेळा धुवा.

घोस्टच्या लेनसाठी जीएपीडीएच लोडिंग कंट्रोल म्हणून घेऊ नका. ते बँड ३ च्या शेपटाला चिकटलेलं असतं आणि बफरमधल्या मिठाप्रमाणे सुटतं. तुमच्या धुण्याच्या पद्धतीवर त्याचं प्रमाण ठरेल. स्पेक्ट्रिन किंवा बँड ३ घ्या.

पण अँटिबॉडी पारखायची तर फक्त घोस्ट पुरत नाहीत, कारण घोस्टमध्ये ४० किलोडाल्टनच्या आसपास इतर प्रथिनंही आहेत. बँड दिसला तर तो डफीचाच कशावरून? डफी नसलेलं रक्त आपल्याकडे सहज मिळत नाही. एचईकेमध्ये मात्र डफी घातलेली आणि न घातलेली अशी जोडी तुम्ही स्वतः बनवता. लायसेटचा खरा उपयोग या जोडीत आहे.

---

लाल_पेशी

सगळ्यांना देव बरें करूं. चार तापमानांचं जेल झालं. ९५ ची लेन पूर्वीसारखीच, वर गठ्ठा. ५० अंशांच्या लेनमध्ये अर्धं वर, अर्धं खाली. ३७ अंश आणि खोलीचं तापमान या दोन्हींत ३८ ते ४८ च्या दरम्यान पसरट बँड, आणि ८५ च्या आसपास एक फिकट. पेलेटमध्ये थोडंसंच उरलंय.

डफीच्या पहिल्या अँटिबॉडीने आता बँड दिसतो. दुसरी आणि तिसरी अजूनही कोऱ्या. दुसरी प्रथिनाच्या शेवटच्या काही अमिनो आम्लांविरुद्ध बनवलेली आहे. तिसरी म्हणजे रक्तगट तपासणीतलं अँटी-एफवायए सीरम (एफवायए आणि एफवायबी हे डफीचे दोन प्रकार).

---

अंत्रूज

पसरट बँड बरोबर आहे. ३३६ अमिनो आम्लांचा कोरा रेणू ३६ किलोडाल्टनच्या जवळ, त्यावर एन-टोकाला साखरेच्या साखळ्या, प्रत्येक रेणूवर कमीजास्त. त्यात तुमचा टॅग. ८५ चा बँड जोडीचा असावा, डफीचे रेणू एकमेकांना धरून राहतात.

साखरच आहे ना हे पीएनजीएज एफने (साखरेच्या साखळ्या कापणारं एन्झाइम) तपासा. किटबरोबरची पद्धत १०० अंशांवर १० मिनिटं उकळायला सांगते, इथे ती पायरी ३७ अंशांवर ३० मिनिटं करा. एसडीएस एन्झाइमला मारतं, म्हणून त्यानंतर एनपी-४० १ टक्का घालायला विसरायचं नाही. मग एन्झाइम, ३७ अंश, १ ते ३ तास. पसरट बँड आवळून खाली आला की प्रश्न मिटला. एक लेन एन्झाइमशिवाय पण तेवढाच वेळ ३७ वर ठेवलेली लावा, नाहीतर प्रोटिएजने तुटलेला तुकडा आणि साखर गेलेला रेणू यांत फरक कळणार नाही.

दुसऱ्या अँटिबॉडीचं कोडं सोपं आहे. ती प्रथिनाच्या मोकळ्या शेपटाविरुद्ध बनवलेली आणि तुमच्या रेणूचं शेपूट फ्लॅगला जोडलेलं. मोकळं टोक ओळखणारी अँटिबॉडी जोडलेलं टोक ओळखेलच असं नाही. तिच्यासाठी स्टॉप कोडॉन शाबूत ठेवून टॅग नसलेला प्लास्मिड करा. टॅग एन-टोकाला हलवायचा मोह टाळा. एफवाय६ हा एपिटोप (अँटिबॉडी धरते ती जागा) तिथेच आहे, १९ ते २६ क्रमांकाच्या अमिनो आम्लांच्या आसपास, परजीवीचं डफी बाइंडिंग प्रथिनही तिथेच धरतं.

---

बांबोळी_पठार

तिसरीबद्दल. रक्तपेढीतली अँटी-एफवायए, अँटी-एफवायबी सीरम पेशीवर घडी शाबूत असलेल्या प्रथिनासाठी असतात, कूम्ब्स चाचणीत वापरायची. एसडीएसने घडी मोडलेल्या रेणूवर ती चालतीलच असं धरू नका. एफवाय३ चंही तेच, तो बाहेरच्या वळणांच्या आकारावर अवलंबून आहे. वेस्टर्नला सरळ रेषेतला एपिटोप हवा, आणि एफवाय६ तसा आहे. ही सीरम तपासायची तर न मोडलेल्या, ट्रान्सफेक्ट केलेल्या पेशींवर फ्लो सायटोमेट्री करा.

तेही करण्याआधी प्लास्मिडचं सिक्वेन्सिंग बघा. एफवायए आणि एफवायबी यांत एकाच अमिनो आम्लाचा फरक: ४२ व्या जागी ग्लायसिन असेल तर ए, अ‍ॅस्पार्टिक आम्ल असेल तर बी. डीएनएमध्ये १२५ वा बेस जी की ए. विकत घेतलेल्या प्लास्मिडवर नुसतं "डफी" लिहिलेलं असतं. बीचा प्लास्मिड घालून एच्या सीरमने शोधत बसाल तर जन्मभर सापडणार नाही.

रक्तपेढीतून पेशी घेत असाल तर पॅपेन किंवा फायसिन ही एन्झाइमं लावलेल्या घेऊ नका, एफवायए, एफवायबी आणि एफवाय६ तिघेही त्याने नष्ट होतात.

---

म्हादई_काठ

आता माझा आग्रहाचा मुद्दा. रिकाम्या व्हेक्टरचा लायसेट लावलेला नाही असं पहिल्याच पोस्टमध्ये वाचलं. तो नसेल तर वरचं काहीही टिकत नाही. त्याच दिवशी, त्याच पेशी, तेवढाच डीएनए, तोच बफर. ट्रान्सफेक्शन न केलेल्या पेशी त्याची जागा घेऊ शकत नाहीत, कारण पीईआय आणि परका डीएनए यांनीच पेशींचं बरंच काही बदलतं.

दुसरं, ओव्हरएक्स्प्रेशनच्या लेनमध्ये ठळक बँड दिसला म्हणून अँटिबॉडी रक्तातल्या नमुन्यावर चालेल असं मानू नका. इथे प्रथिन अफाट आहे, सुमार अँटिबॉडीही उजळते. त्यासाठी डफीचा लायसेट रिकाम्या व्हेक्टरच्या लायसेटमध्ये मिसळत न्या: निव्वळ, १० पट, १०० पट, १,००० पट. प्रत्येक लेनमध्ये एकूण प्रथिन मात्र २० मायक्रोग्रॅमच. नुसता बफर घालून पातळ करू नका, कारण मग मागचा गोंगाटही पातळ होतो आणि अँटिबॉडी आहे त्यापेक्षा शहाणी वाटते. शेवटी २० मायक्रोग्रॅम घोस्टची लेन. घोस्टचा बँड ज्या पायरीशी जुळेल, ती पायरी आणि तिच्याखालची एक, एवढी तरी अँटिबॉडीने दाखवायला हवी.

प्रथिन मोजायला बीसीए ही पद्धत वापरा आणि डीटीटी घालण्याआधी मोजा. ब्रॅडफर्ड ही दुसरी पद्धत या बफरांत डिटर्जंटमुळे खोटं सांगते.

---

पाटो_पूल

आणि हा लायसेट परजीवीच्या प्रथिनाशी बांधणी तपासायला वापरता येईल? गोव्यात व्हायवॅक्सच जास्त, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत बांधकामं वाढली आणि स्टिफेन्सी डासाबरोबर मलेरिया घट्ट बसला, म्हणून उत्सुकता.

---

अंत्रूज

रिपातला लायसेट नाही. एसडीएस आणि डिऑक्सिकोलेटने घडी डळमळते. डीडीएमचा थोडाफार. पण खरी अडचण वेगळी आहे: डफीच्या ४१ व्या जागेवरच्या टायरोसिनला सल्फेट लागलेलं असलं की परजीवीचं प्रथिन ते जास्त घट्ट धरतं. एचईके पेशी सल्फेट लावतात, पण एवढं प्रथिन एकदम बनवल्यावर प्रत्येक रेणूला ते मिळेलच असं नाही. सल्फेट लावणाऱ्या एन्झाइमचा, टीपीएसटी२ चा, प्लास्मिड सोबत घालून ही उणीव भरतात. बांधणीसाठी मात्र जिवंत पेशी किंवा खऱ्या लाल पेशीच वापराव्यात. १९७६ मध्ये लुईस मिलर आणि सहकाऱ्यांनी डफी नसलेल्या माणसांना व्हायवॅक्सचा संसर्ग होत नाही हे दाखवलं. पुढे मादागास्करमध्ये याला अपवाद सापडले. म्हणून बांधणीचा निकाल फक्त एका लायसेटवर सोडणं बरं नाही.

---

सासष्टी_लॅब

तयार लायसेट विकत घ्यावा का यावर कुणी बोललं नाही म्हणून. दोन-तीन ब्लॉटपुरतं काम असेल तर घ्या. साधारण १०० मायक्रोग्रॅमच्या कुप्या असतात, म्हणजे २० च्या हिशोबाने ५ लेन. सोबत रिकाम्या व्हेक्टरची कुपी आहे ना आणि टॅग कुठल्या टोकाला आहे ते आधी विचारा. बरोबरच्या कागदावर बहुतेक वेळा उकळायलाच सांगितलेलं असतं, ते सर्वसाधारण सूचनेपुरतं समजा.

आपल्या हवेचं पाहा. जून ते सप्टेंबर ड्राय आइसची पेटी चोर्ल्याहून किंवा अनमोडहून येणार, घाटात दरड आली की दिवसभर खोळंबा. या महिन्यांत सुकवलेला लायसेट मागवा, तो साध्या तापमानालाही प्रवास करतो. मात्र फ्रीजरमधून काढल्या काढल्या झाकण उघडू नका. बाहेरची हवा ओलीचिंब, थंड भुकटीवर पाणी जमतं आणि ती चिकटून बसते. कुपी बंदच ठेवून अर्धा तास खोलीत, मग क्षणभर सेंट्रिफ्यूज, मग उघडा, सांगितलं तेवढंच पाणी घाला. डिटर्जंट आणि मीठ त्यात आधीच आहे, पुन्हा रिपा घातला तर दुप्पट होतं.

घरचा लायसेट २० ते ५० मायक्रोलिटरच्या भागांत, उणे ८० ला. एक भाग एकदाच वितळवायचा. आपोआप बर्फ वितळवणारा उणे २० चा फ्रीजर याला नको, रोज थोडं वितळतं, थोडं गोठतं. वीज जाण्याचे दिवस आणि चवथीची सुट्टी एकत्र आली तर उणे ८० जनरेटरवर आहे का ते आधीच बघून ठेवा, दार उघडायचं नाही अशी चिठ्ठी लावा.

सॅम्पल बफर घातलेला डफीचा नमुना गोठवून पुन्हा वापरू नका. वितळताना गठ्ठे पुन्हा बांधले जातात. बफर न घालता साठवा, हवं तेवढं त्या दिवशी मिसळा.

---

लाल_पेशी

म्हणजे पुढचं जेल असं: रिकामा व्हेक्टर, डफी निव्वळ, १० पट, १०० पट, १,००० पट, घोस्ट, पीएनजीएज एफसह आणि शिवाय, शेवटी ९५ अंशांची एक लेन. सगळं बाकी ३७ अंशांवर ३० मिनिटं. टॅग नसलेला प्लास्मिड दुसऱ्या अँटिबॉडीसाठी वेगळा, आणि ४२ व्या जागेचं सिक्वेन्सिंग आधी. रक्ताचे नमुने घ्यायला नैतिक समितीची आणि प्लास्मिडच्या कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आहे.

---

म्हादई_काठ

बरोबर. फक्त घोस्टची लेन आणि एचईकेच्या लेन यांच्या मधली एक वेल रिकामी सोडा, तिथे नुसता सॅम्पल बफर घाला. ओव्हरएक्स्प्रेशनच्या लेनमधून जरासं सांडलं तरी शेजारच्या घोस्टच्या लेनमध्ये डफी "सापडतो". आणि क्रम उलटा करा: घोस्ट, रिकामी, मग १,००० पटापासून निव्वळपर्यंत.